‘सगळं एकच असतं’ म्हणण्याआधी

पालकहो,

नाताळ जवळ आला किंवा रोजे सुरू झाले की मुलांच्या तोंडून काही प्रश्न हमखास येतात. येशू हा देव की देवाचा मुलगा? मुलगा असेल तर देवाची बायको कोण? मुसलमानांच्या घरात देवाचा फोटो का नसतो? ख्रिश्चनांचे देव तीन असतात असं बाकावरचा मित्र सांगतो आणि ख्रिश्चन मैत्रीण म्हणते, आमचा देव एकच. मग दोघांतलं खोटं कोण बोलतंय? मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे हे प्रश्न माझ्यापर्यंत पोचतात. पण मुलं ते आधी तुम्हालाच विचारतात आणि तुमचं उत्तर घेऊनच माझ्याकडे येतात.

ती उत्तरं साधारण दोन प्रकारची. एक, “आपल्याला काय करायचंय त्यांच्यात पडून?” दुसरं जास्त गोड, “अरे, सगळं एकच असतं. देव एक, नावं वेगळी.” पहिल्याबद्दल मला फार बोलायचं नाही, ते देणाऱ्यालाही मनातून पटलेलं नसतं. दुसरं मात्र सद्भावनेने दिलेलं असतं आणि तरीही मुलाचा प्रश्न त्यात मरतो. मुलाने एक नेमकं कोडं विचारलेलं असतं. त्या कोड्याला हात न लावता आपण मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो. मग आठवी-नववीत कधीतरी फोनवर तावातावाने भांडणारा एखादा व्हिडिओ त्याच्यासमोर येतो. सगळं एकच नाही हे त्याला कळतं आणि ते सांगणारा माणूस भांडखोर असतो. हेच फरक त्याने आधी घरी, जेवताना, शांतपणे ऐकलेले असतील तर त्या व्हिडिओत त्याला नवीन काही सापडत नाही.

म्हणून आज जरा खोलात जाऊन बोलू. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म दोघेही ठामपणे म्हणतात की देव एकच आहे. तरी तेराशेहून अधिक वर्षं ते एकमेकांना विचारत आलेत की एक म्हणजे नेमकं काय.

इस्लामचं मूळ विधान मुलाला लवकर समजतं. कलम्याच्या, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीच्या, पहिल्याच भागात अल्लाहशिवाय पूजनीय कोणी नाही अशी ग्वाही आहे. कुराणाचा ११२वा अध्याय, सूरह इख्लास, अवघ्या चार आयतींचा. नमाज शिकणारं मूल जे सुरुवातीलाच पाठ करतं त्यात तो असतो. त्याचा आशय असा, की देव एकमेव आहे, त्याला कुणाची गरज नाही, इतरांना त्याची आहे. त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. या श्रद्धेला तौहीद म्हणतात. देवाच्या पंक्तीला दुसऱ्या कुणाला नेऊन बसवणं म्हणजे शिर्क, आणि कुराणाच्या दृष्टीने त्याहून गंभीर अपराध नाही.

मुसलमान शेजाऱ्यांच्या ज्या गोष्टी आपल्याला सुट्या सुट्या दिसतात त्या या एका काळजीने बांधलेल्या आहेत. देवाचं चित्र नाही, पैगंबरांचीही पूजा नाही, सिजदा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवणं, फक्त अल्लाहला. आपल्याकडे दर्ग्यांवरून मुसलमानांतच होणारा वादही त्यातलाच. चादर चढवणारा म्हणतो, मी वलीकडे, म्हणजे संतपुरुषाकडे, फक्त रदबदली मागतो, पूजा अल्लाहचीच करतो. विरोध करणारा म्हणतो, घसरण इथूनच सुरू होते. दोघेही तौहीदलाच साक्षीला बोलावतात.

ख्रिस्ती धर्माकडे येताना मुलं आणि मोठे एकच चूक करतात. ते ‘तीन’ या आकड्यापासून सुरुवात करतात. सुरुवात एकापासून करा. येशू ज्यू होता. देव एकच आहे असं सांगणारी शेमा ही ज्यूंची रोजची प्रार्थना, आणि सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूने त्या प्रार्थनेकडेच बोट दाखवल्याचं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. त्याचे पहिले शिष्यही ज्यूच, मूर्तीपुढे मान न झुकवणारे. पण येशूच्या मृत्यूनंतर, तो पुन्हा उठला या विश्वासातून, हीच माणसं त्याच्या नावाने प्रार्थना करू लागली, त्याला प्रभू म्हणू लागली. भक्ती आधी आली आणि कोडं मागाहून. देव एकच असेल तर आपण हे काय करतोय?

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने एक सरळ उत्तर दिलं. पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण तोही पित्याने निर्माण केलेलाच आहे. ऐकायला सुटसुटीत. त्याच गावच्या अथनेशियसने त्यावर जो मुद्दा काढला तो मुसलमान वाचकाला फार ओळखीचा वाटेल. पुत्र निर्मित असेल आणि आपण त्याची आराधना करत असू, तर आपण निर्मात्याला सोडून निर्मितीला पुजतोय, म्हणजे मूर्तिपूजाच करतोय. ३२५ साली निकिया इथे, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद बोलावली आणि तिने पुत्र घडवलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा आहे असा निर्णय दिला. ३८१मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याची आराधनाही त्याच बरोबरीने मांडली. वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) चर्चमध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावरच्या विश्वासाची जी कबुली म्हटली जाते ती या दोन परिषदांतून आली.

म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मानणारा त्रैक्याचा सिद्धांत रचला गेला तो एकाचे तीन करण्यासाठी नव्हे. एकपण न सोडता येशूची भक्ती कशी करायची, या पेचातून तो आला. तो पेच सुटला असं मुसलमानांना वाटत नाही, आणि तसं वाटायला त्यांच्याकडे कारणं आहेत. पण शिर्कची जी भीती मुसलमानाच्या पोटात असते तीच निकियाच्या बिशपांच्या पोटात होती, एवढं मुलाला सांगितलं तरी ‘ते तीन देव मानतात’ या वाक्याची धार बोथट होते. परिषदेने वाद मिटला असंही समजू नका. पुढे सम्राटच फिरले आणि अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं.

आता पाचशे वर्षं पुढे, बगदादला या. इथे तौहीदवरून मुसलमान विद्वानांतच खडाजंगी चालली होती. मुअतझिला पंथाचे विचारवंत स्वतःला न्याय आणि तौहीदचे पाईक म्हणवत. त्यांचा प्रश्न होता, अल्लाहचं ज्ञान, सामर्थ्य, वाणी हे गुण अनादी आणि त्याच्याहून वेगळे मानले तर अनादी गोष्टी अनेक झाल्या, मग एकपण कुठे राहिलं? कुराण ही अल्लाहची वाणी. म्हणून तीही निर्मितच म्हणायला हवी. ८३३मध्ये खलिफा अल-मामूनने हे मत सक्तीचं केलं. इमाम अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला, तुरुंगवास सोसला, पुढच्या खलिफाच्या राज्यात फटकेही खाल्ले. शेवटी सुन्नी मुसलमानांत टिकलं ते त्यांचंच मत, की अल्लाहची वाणी निर्मित नाही.

देवाचा शब्द घडवलेला नाही, या म्हणण्यासाठी ख्रिस्ती धर्मात अथनेशियसने हद्दपारी सोसली, इस्लाममध्ये इब्न हंबल यांनी चाबूक. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की एकासाठी तो शब्द येशू नावाचा माणूस होऊन आला, दुसऱ्यासाठी पठण होऊन उतरला.

शाळेच्या वहीत एक तक्ता असतो, तुम्हीही आखला असेल. धर्म, संस्थापक, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ. त्यात येशूच्या खाली पैगंबर महंमद येतात आणि बायबलखाली कुराण. परीक्षेला ठीक आहे, गुण मिळतात. समजुतीला मात्र हा तक्ता घातक. ख्रिस्ती श्रद्धेत जी जागा येशूची आहे ती इस्लाममध्ये पैगंबरांची नाही; तिच्या जवळ जाणारी जागा कुराणाची आहे. हे लक्षात आलं की मुलाला कितीतरी गोष्टी आपोआप कळतात. मुसलमान माणूस वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्धी, केल्याशिवाय कुराणाला हात का लावत नाही, आणि ख्रिस्ती माणसाच्या भक्तीत पुस्तकापेक्षा क्रुसावरचा माणूस का पुढे असतो. चित्रांचंही तसंच. आठव्या शतकात, पूर्वेच्या ख्रिस्ती सम्राटांनी चित्रांवर बंदी आणली तेव्हा, दमास्कसच्या योहानाने प्रतिवाद केला की अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही, पण देव देह धरून दिसला असेल तर त्या देहाचं येतं. हे तो बिनघोर लिहू शकला, कारण राहत होता मुसलमान खलिफांच्या राज्यात, सम्राटाच्या हाताबाहेर! प्रॉटेस्टंट घरांत पुन्हा चित्रांना तेवढी जागा नसते, हेही मुलांना सांगायला हरकत नाही.

हिंदू पालकांना एक विनंती. त्रैक्य समजावताना ब्रह्मा-विष्णू-महेश किंवा दत्ताची तीन शिरं मदतीला घेऊ नका. मोह होतो, मलाही होतो. पण पिता, पुत्र, आत्मा ही उत्पत्ती-स्थिती-लयासारखी कामांची वाटणी नाही. अवतार म्हणावं तर ख्रिस्ती श्रद्धेत देवाचं देह धरणं एकदाच, पुन्हा नाही. ख्रिस्ती पालकांनाही जाता जाता एक. पाणी, बर्फ, वाफ हा संडे स्कूलमधला लाडका दाखला चर्चच्या हिशेबात चुकलेला आहे. एकच देव तीन रूपं पालटतो असं म्हणणाऱ्या सबेलियसचं मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं होतं. दाखला न देता, “हे आम्हालाही पुरतं उलगडत नाही, पण आम्ही असं मानतो,” म्हणालात तर मुलं बिचकत नाहीत.

मुसलमान पालकांशी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण कुराण या विषयावर गप्प नाही. येशूला, हजरत ईसांना, देवाचा पुत्र म्हणू नका, ‘तीन’ म्हणू नका, असं चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे. जेरुसलेमच्या ‘कुब्बत अस-सखरा’ या सोनेरी घुमटाच्या वास्तूत, ६९१-९२ साली, खलिफा अब्द अल-मलिकने याच आशयाचे लेख लिहवून घेतले. त्यांत ईसांचं नाव आदराने आहे आणि ग्रंथधारकांना, म्हणजे ज्यू-ख्रिश्चनांना, इशाराही आहे. हा विरोध पातळ करून सांगा असं मी म्हणणार नाही. फक्त मुलाच्या डोक्यातलं चित्र तपासा. पाचव्या अध्यायात ईसा आणि त्यांची आई या दोघांना देव मानण्याचा उल्लेख आहे, त्यावरून पुष्कळ मुलांना पिता, आई आणि मुलगा असं त्रैक्य वाटतं. तसं कोणतंही चर्च शिकवत नाही. येशूच्या आईला, म्हणजे मरियेला (कुराणातल्या मरियमला), त्रैक्यात जागा नाही. आणि देवाने लग्न करून मूल जन्माला घातलं ही कल्पना मुसलमानाला जेवढी किळसवाणी, तेवढीच ख्रिस्ती माणसालाही.

उलट बाजूने ख्रिस्ती मुलांना बहुधा माहीतच नसतं की कुराणात ईसांचं नाव पंचवीस वेळा येतं, त्यांचा जन्म कुमारी मातेच्या पोटी झाल्याचं सांगितलं आहे, १९वा अध्याय मरियमच्या नावाचा आहे, आणि कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. क्रुसावरच्या मृत्यूबाबत मात्र दोघांची वाट पूर्ण वेगळी होते. कुराण तो नाकारतं, ख्रिस्ती श्रद्धा त्याच्यावर उभी आहे.

हे बोलायचं कसं, याचे दोन नमुने इतिहासात आहेत. ७८१च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल-महदी, म्हणजे अरबी कथांतल्या हारून अल-रशीदचे वडील, आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख तिमथी यांचं दोन दिवस संभाषण झालं. तिमथींनी ते सिरियाक भाषेत पत्ररूपाने लिहून ठेवलंय. खलिफाचा पहिला सवाल तुमच्या मुलाचाच आहे. तुमच्यासारखा शहाणा माणूस देवाने बायको करून मुलगा मिळवला असं कसं मानतो? तिमथी उत्तरतात, असली निंदा करतंय कोण? आणि मग प्रश्नामागून प्रश्न. खलिफा पैगंबरांविषयी मत विचारतो तेव्हा तिमथी म्हणतात की ते संदेष्ट्यांच्या वाटेने चालले, कारण त्यांनी लोकांना एका देवाकडे वळवलं. मतं बदलली नाहीत. सत्ता एकाच्या हाती होती, दुसरा त्याचा प्रजाजन होता, हेही विसरून चालणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी बोलणं पुढे चालू झालं.

दुसरा नमुना आपल्या जवळचा. १५८०मध्ये अकबराच्या बोलावण्यावरून गोव्याहून तीन जेसुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला गेले, रोदोल्फो अक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस. इबादतखान्यात, म्हणजे बादशहाच्या धर्मचर्चेच्या दालनात, उलेमांशी त्यांचे वाद रंगले. हे पाहुणे आले होते बादशहाला ख्रिस्ती करायला, उलेमा बसले होते त्यांना हरवायला, आणि प्रत्येक वाक्य बादशहाच्या चेहऱ्याकडे बघून बोललं जात होतं. अकबराने आस्थेने ऐकलं, पण त्रैक्य आणि देवाचा पुत्र या दोन गोष्टी त्याच्या गळी उतरल्या नाहीत. प्रेक्षकांसाठी केलेला वाद असाच असतो. घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा वादही याच जातीचा, म्हणून मुलांसमोर तो नको.

मग शेवटी मूल विचारतंच, दोघांचा देव एकच का? याचं उत्तर दोन्ही धर्मांनी स्वतः दिलेलं आहे, आपण कशाला बनवायचं? कुराणाच्या २९व्या अध्यायात ग्रंथधारकांना आमचा आणि तुमचा देव एकच असं सांगायला सांगितलं आहे. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ आणि १९६५च्या दस्तऐवजांत, मुसलमान एकाच दयाळू देवाची आराधना करतात असं मान्य केलं. २००७मध्ये १३८ मुसलमान विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुलं पत्र लिहिलं आणि देवावर व शेजाऱ्यावर प्रेम ही आपली समान जमीन म्हटली. तेव्हा, हाक एकालाच मारतात, पण तो कसा आहे याबद्दल त्यांचं पटत नाही, असं मी मुलांना सांगते. काही ख्रिस्ती पंथांना आणि काही मुसलमानांना एवढंही मान्य नसतं, हेही सांगते.

राहिला प्रश्न, कोणत्या वयात किती? इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी आणि त्यांच्या चिमुकल्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. संस्कृत कोळून प्यालेली, वाद करायला शिकलेली ही बाई चर्चने सांगितलं म्हणून काही मान्य करणाऱ्यांतली नव्हती. चेल्टनहॅमला असताना, १८८५च्या सुमारास, त्रैक्य आणि येशूचं देवत्व यांविषयीच्या आपल्या शंका त्यांनी तिथल्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून स्वच्छ लिहिल्या. बील यांनी शंकांशी चर्चा केली. जेराल्डीन यांना त्या गर्वातून येताहेत असं वाटायचं. ठिणगी पडली ती मनोरमेवरून. या मुलीला धर्माचं काय शिकवायचं, हे कोण ठरवणार? रमाबाईंचं म्हणणं, ती आई म्हणून मी ठरवणार.

तेव्हा मनोरमा चार-पाच वर्षांची होती. तिची आई, विधवा, परदेशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला, आणि तरी जे स्वतःला उमगलेलं नाही ते मुलीकडून घोकून घ्यायला तयार नव्हती. पुढे १८९०च्या दशकात रमाबाईंची येशूवरची श्रद्धा गाढ झाली, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, मोठी झालेली मनोरमा तिथेच आईच्या बरोबरीने राबली, आणि रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घातली. शंका घेतल्याने श्रद्धा गेली नाही. पण गेली असती तरी त्या पत्रांची किंमत माझ्या लेखी कमी झाली नसती.

रमाबाईंचा तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७मध्ये इंग्रजीत छापला. अकरावी-बारावीतल्या मुलाला वाचायला द्या. कंटाळून अर्ध्यावर टाकलं तर टाकू द्या. पण पुस्तक हातात ठेवताना एवढं मात्र सांगा, की रमाबाईंची ही सगळी भांडणं जिच्याशी झाली त्या सिस्टर जेराल्डीननेच ती पत्रं जपून ठेवली आणि एकत्र लावली.